पोलिसाचे तास आणि पोलिसाचे वेतन

भुसावळ तालुक्यातील वरणगाव येथे १९६४ पासून आयुध निर्माणी आहे. लहान शस्त्रांची काडतुसे तेथे तयार होतात. कारखान्यातील कामगाराला आठवड्याच्या अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ राबावे लागले, तर जादा वेळेचा मोबदला दुप्पट दराने द्यावा, असे १९४८ च्या कारखाना कायद्याने ठरविले होते. २०२० च्या संहितेनेही तो दर कायम ठेवला. त्याच गावच्या पोलीस ठाण्यातील शिपायाला मात्र हा हिशेब लागू नाही. १९५१ च्या पोलीस कायद्याचे २८ वे कलम त्याला सदैव कर्तव्यावर असल्याचे मानते. जो सदैव कामावर आहे त्याचे काम कधी जादा होऊच शकत नाही, असा त्या कलमाचा व्यवहारातील अर्थ झाला आहे.

पोलिसांना अधिक पैसा देऊन सेवेत टिकवावे काय, हा प्रश्न सध्या पाश्चात्त्य देशांत जोराने चर्चिला जातो. अमेरिकेत २०२० नंतर अनेक शहरांच्या पोलीस दलांतून मनुष्यबळाची गळती सुरू झाली. सिॲटल शहराने २०२२ साली अन्य दलांतून येणाऱ्या अनुभवी अधिकाऱ्याला तीस हजार डॉलरपर्यंत एकरकमी रक्कम देऊ केली. आता एका शहराने शेजारच्या शहराचा पोलीस पळविला म्हणून देशातील पोलिसांची संख्या काही वाढत नाही. वाढते ती फक्त बोली. आपल्याकडील स्थिती तर याच्या अगदी उलट आहे. २०२४ च्या भरतीत महाराष्ट्रात १७,४७१ जागांसाठी सुमारे पावणेअठरा लाख अर्ज आले आणि अर्जदारांत अभियांत्रिकीचे पदवीधरही होते. शिपायाची वेतनश्रेणी सातव्या आयोगानुसार २१,७०० रुपयांपासून सुरू होते. शेती परवडत नाही आणि कारखाने नाहीत, अशा खानदेशातील तरुणाला ती सोडवत नाही. तात्पर्य, आपल्या पोलिसाने नोकरीतून निघून जाऊ नये, ही आपली अडचण नव्हेच. त्याने अवघड जागी मनापासून टिकावे, ही खरी अडचण आहे.

या दुसऱ्या अर्थाने वेतनाचे प्रलोभन महाराष्ट्राला नवे नाही. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने आदिवासी व नक्षलग्रस्त भागांत काम करणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्यांना, तेथे असेपर्यंत, वरच्या पदाची वेतनश्रेणी देण्याचे ठरले. हीच ‘एकस्तर’ योजना. जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल व रावेर तालुक्यांचा सातपुड्यालगतचा पट्टा आणि धडगाव-अक्कलकुव्याचा डोंगराळ भाग येथील कर्मचाऱ्यांना तो शब्द चांगला परिचित आहे. गडचिरोलीत शासन त्याहीपुढे गेले आणि पोलिसांना दीडपट वेतन देण्याचा मार्ग त्याने स्वीकारला. अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात गैर काही नाही. कष्टाच्या आणि धोक्याच्या कामाला अधिक मजुरी पडते, हे ॲडम स्मिथने १७७६ मध्येच सांगून ठेवले आहे.

दोष आहे तो बेताच्या आखणीत. नक्षलग्रस्त भागासाठी मूळ वेतनाच्या पंधरा टक्के प्रोत्साहन भत्ता ठरविताना त्याला १,५०० रुपयांची कमाल मर्यादा घालण्यात आली. टक्केवारी वेतनाबरोबर वाढते, रुपयांत बांधलेली मर्यादा मात्र जागच्या जागी राहते. २१,७०० रुपयांवर पंधरा टक्के म्हणजे ३,२५५ रुपये. १,५०० म्हणजे जेमतेम सात टक्के. वित्त विभागाच्या लेखी ही काटकसर असेल, परंतु ज्याला घर, मुलांची शाळा आणि वृद्ध आईवडील मागे ठेवून जायचे आहे, त्याला ती रक्कम पाहून निर्णय बदलावासा वाटेल, हे संभवत नाही. शिवाय त्या भागातून बदली झाली की वरची श्रेणीही सुटते. परतणाऱ्याला मुक्कामाचे बक्षीस मिळण्याऐवजी पगारात घट सोसावी लागते.

तरीही केवळ पैशाने हा प्रश्न सुटेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. आफ्रिकेतील घाना देशाने २०१० मध्ये पोलिसांचे वेतन जवळजवळ दुप्पट केले. महामार्गावरील मालमोटारचालकांकडून घेतल्या जाणाऱ्या लाचेचा त्यानंतर अभ्यास झाला, तेव्हा लाच कमी न होता तिची रक्कम वाढल्याचे आढळले. भुसावळ-मुक्ताईनगर रस्त्याने मालमोटार हाकणाऱ्यांना हा निष्कर्ष फारसा धक्कादायक वाटणार नाही. याउलट राजस्थानात या शतकाच्या पहिल्या दशकात १६२ ठाण्यांवर एक प्रयोग झाला. त्यात प्रशिक्षण आणि बदल्यांना घातलेला आवर यांचा गुण दिसला. साप्ताहिक सुटीचाही त्यात समावेश होता. पण ती ठाण्यांवर नीट अमलातच आली नाही, मग गुण कोठून येणार?

आपल्याकडील अनुभवही हेच सांगतो. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने शिपायाला दरमहा किमान आठ रुपये द्यावेत असे सुचविले होते. तेव्हापासून प्रत्येक आयोग वेतनापासून सुरुवात करतो आणि मानापर्यंत येऊन थांबतो. धर्मवीर आयोगाच्या फेब्रुवारी १९७९ मधील पहिल्या अहवालाने शिपायाला कुशल कामगाराच्या पंक्तीला बसवावे असे म्हटलेच. शिवाय घरे, बढती आणि गाऱ्हाण्यांची दाद यांवरही भर दिला. त्याच वर्षी पंजाबपासून अन्य राज्यांत पोलिसांची आंदोलने पसरली. पुढे १८ ऑगस्ट १९८२ रोजी, बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री असताना, मुंबईत पोलीस संघटनेची मान्यता रद्द होताच शिपाई रस्त्यावर उतरले आणि शहरात सैन्य आणावे लागले. गिरणी संपाच्या त्या वर्षात कायदा राखणाऱ्यांनीच कायदा हाती घेतला, याचे समर्थन कोणीही करणार नाही. परंतु तो उद्रेक निव्वळ पगारवाढीचा नव्हता. वरिष्ठांच्या घरची कामे, न संपणारा बंदोबस्त, वसाहतींतील अपुऱ्या खोल्या यांचा संताप त्यात साचला होता.

वेतनाहून स्वस्त आणि अधिक परिणामकारक असा एक उपाय मुंबईत करून पाहिला गेला. मे २०१६ मध्ये, दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना, देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू झाली. तिची मूळ कल्पना एका शिपायाने मांडली होती, हे विशेष. २०१८ पासून ती शहरभर नेण्यात आली. अर्थात मुंबईत मनुष्यबळाची फेरमांडणी करता येते. तालुक्याच्या ठाण्यात ती सोपी नाही. तेथे यात्रा, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा आणि गणपतीचे दहा दिवस त्याच मोजक्या माणसांनी निभवावे लागतात. म्हणूनच आठ तास शक्य नसतील तेथे जादा तासांचा मोबदला देणे न्याय्य ठरते. जादा तासांना किंमत नाही, तोवर ते वाचविण्याची घाई कोणत्याही खात्याला असणार नाही. एकदा प्रत्येक तासाचे पैसे मोजावे लागले, की कोणत्या बंदोबस्ताला खरोखर किती माणसे लागतात याचा विचार आपोआप सुरू होईल.

दुर्गम भागासाठी तर भत्त्यावरील रुपयांची मर्यादा काढून टाकावी, मुक्कामाची मुदत आधीच निश्चित करावी आणि ती पूर्ण करणाऱ्याला पुढील नेमणुकीत पसंतीचा जिल्हा द्यावा. त्या काळात कुटुंबाला जळगाव वा धुळ्यात सरकारी घर राखून ठेवता येईल. पोलीस गृहनिर्माण महामंडळ १९७४ पासून अस्तित्वात आहे ते याच कामासाठी. या सर्वाला खर्च किती येईल, हे सांगण्यासाठी आधी तास मोजावे लागतील. त्यासाठी नवी यंत्रणा नको. कोण केव्हा कामावर आला आणि केव्हा सुटला याची नोंद प्रत्येक ठाण्याच्या स्टेशन डायरीत रोज होत असते. तिची जिल्हावार बेरीज करून गृह विभागाने ती पुढील अर्थसंकल्पापूर्वी विधिमंडळासमोर ठेवावी.