‘हृदयक्रिया बंद पडून’

वृत्तपत्रांच्या निधनवार्तांमध्ये ‘हृदयक्रिया बंद पडून’ हे शब्द इतक्या सराईतपणे येतात की, व्हायचे ते होऊन गेले, आता अंत्ययात्रा किती वाजता निघणार एवढेच पाहायचे, अशा बुद्धीने आपण पुढच्या ओळीकडे वळतो. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र हृदयक्रिया ज्या क्षणी बंद पडते त्याच क्षणी सारे संपते असे नाही. रक्ताभिसरण थांबल्यावर मेंदूला कायमची इजा होऊ लागण्यास साधारणतः ४ ते ६ मिनिटे लागतात, आणि ही मिनिटे डॉक्टरच्या वा रुग्णवाहिकेच्या वाट्याला क्वचितच येतात; ती येतात शेजारी उभ्या असलेल्या एखाद्या गोंधळलेल्या गृहस्थाच्या वाट्याला.

असा गोंधळलेला गृहस्थ मी स्वतः एकदा होतो. काही वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयात दुसरी पंगत बसत असताना, हौसेने वाढायला उभे राहिलेले एक साठीचे गृहस्थ हातातल्या वरणाच्या बादलीसह खाली कोसळले. ‘वारा येऊ द्या’ असे ओरडत चारचौघे वारा अडवून उभे राहिले, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, एकाने चप्पल हुंगवली, आणि मी, सांगायला संकोच वाटतो, पाण्याचा तांब्या आणायला धावलो. ते मधूनच तोंड उघडून आचका द्यावा तसा श्वास घेत होते, आणि प्रत्येक आचक्यासरशी ‘अजून धुगधुगी आहे’ म्हणून आम्ही एकमेकांना धीर देत होतो. तो श्वास नव्हेच, हृदय थांबल्यावर काही काळ होत राहणारी ती एक निरुपयोगी हालचाल होय, आणि ती पाहून थांबायचे नसून छाती दाबायला आरंभ करायचा असतो, हे मला पुष्कळ उशिरा कळले. गृहस्थ वाचले नाहीत. त्या पंगतीत इंजिनिअर होते, मुख्याध्यापक होते, एक निवृत्त फौजदारही होते. दयाबुद्धीची वानवा मुळीच नव्हती. हात लावण्याचे धैर्य आणि तो कसा लावावा याचे ज्ञान तेवढे कोणापाशी नव्हते.

वस्तुतः ते ज्ञान अल्पच आहे. हाका मारून व खांदे हलवूनही माणूस प्रतिसाद देत नसेल आणि श्वास बंद असेल किंवा नुसते आचके येत असतील, तर एकाने १०८ क्रमांकावर फोन करावा आणि दुसऱ्याने गुडघ्यांवर बसून, तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर ठेवून, त्यावर दुसरा हात गुंफून, कोपरे न वाकवता, मिनिटाला १०० ते १२० या गतीने छाती ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावी व प्रत्येक दाबानंतर तिला पूर्ण वर येऊ द्यावे. शिकलेल्याने ३० दाबांमागे २ श्वास तोंडाने द्यावेत. न शिकलेल्याने नुसते दाबत राहावे. (बुडालेला माणूस आणि लहान मूल यांची श्वासाची गरज मात्र मोठी.) दोन मिनिटांत चांगल्या धट्ट्याकट्ट्याचाही दम जातो, म्हणून माणसे आळीपाळीने बदलावीत. बरगडी मोडेल ही भीती खोटी नाही, ती कधीकधी मोडतेही. पण बरगडी पुढे जुळते.

या विद्येचा उगम एका विद्युत् अभियंत्याच्या प्रयोगशाळेत व्हावा ही मौजेची गोष्ट आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये प्राध्यापक विल्यम कौवेनहोवेन हे, ताल सोडून नुसत्याच थरथरणाऱ्या हृदयाला विजेच्या धक्क्याने ताळ्यावर आणणाऱ्या यंत्राचे प्रयोग कुत्र्यांवर करीत असता, गाय निकरबॉकर या त्यांच्या तरुण सहकाऱ्याच्या ध्यानात आले की, धक्का देण्यापूर्वी यंत्राचे जड हस्तक छातीवर नुसते दाबले तरी रक्तदाब चढतो. शल्यविशारद जेम्स ज्यूड यांच्यासह त्यांनी १९६० साली ही पद्धती प्रसिद्ध केली. दाब हा वेळ काढण्यासाठी. थरथर थांबविण्यास धक्काच लागतो. तो देणारे आजचे एईडी यंत्र झाकण उघडताच किंवा बटण दाबताच बोलून सूचना देते, हृदयाचा ताल स्वतःच तपासते आणि धक्क्याची गरज नसेल तर देत नाही. लास व्हेगासच्या जुगारगृहांतील पहारेकऱ्यांना ते शिकवले गेले. तेथे नजरेसमोर कोसळलेल्या आणि हृदय थरथरत असलेल्या ज्या रुग्णांना ३ मिनिटांच्या आत धक्का मिळाला त्यांपैकी ७४ टक्के जगले, ज्यांना त्यानंतर मिळाला त्यांपैकी ४९ टक्के, असे २००० साली प्रसिद्ध झाले. पैशावर डोळा ठेवणारे कॅमेरे माणसाच्याही कामी आले म्हणायचे!

आपल्याकडे मात्र हात पुढे करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पंचनामा, जबाब आणि कोर्टाच्या तारखा उभ्या राहतात. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा परोपकारी माणसाला संरक्षण दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलमही आले. पण ते आहे मोटार अपघातापुरते. म्हणजे रस्त्यावर गाडीने उडवलेल्याला उचलणाऱ्यास या कलमाचे अभय, आणि भाजी बाजारात आपोआप कोसळलेल्याची छाती दाबणाऱ्यास नाही. सद्‌हेतूने केलेल्या कृत्याला १८६० च्या दंडसंहितेपासून सामान्य आधार आहे हे खरे, परंतु कलमांचा असा शोध घेण्यास त्या वेळी सवड कोणाला? हे अभय नाव घेऊन, निःसंदिग्ध शब्दांत, हृदय बंद पडलेल्या प्रत्येकाच्या साहाय्यकर्त्यास मिळाले पाहिजे.

आणि शिक्षणाचे काय? डेन्मार्कने २००५ पासून शाळेत आणि २००६ पासून वाहन परवान्यासाठी हे शिक्षण सक्तीचे केले. २००१ साली तेथे इस्पितळाबाहेर कोसळलेल्या शंभरांपैकी सुमारे २१ जणांना आसपासच्या माणसांकडून छातीचा दाब मिळे. २०१० मध्ये तो सुमारे ४५ जणांना मिळाला, आणि महिनाभर जगणारे साडेतीन टक्क्यांवरून जवळजवळ ११ टक्क्यांवर गेले. या वाढीस इतरही कारणे होती, तरी शिकवल्याविना ती झाली नसती असे मला वाटते. आपल्याकडे गाडीने आठाचा आकडा काढून दाखवला की परवान्यापुरते शहाणपण सिद्ध होते. त्यापुढे अर्धा तास जमिनीवर ठेवलेल्या पुतळ्याची छाती दाबून दाखवावी लागली, तर कोणत्याही खात्याचे काही बिघडणार नाही.

माझ्या परिचयाच्या एका गृहनिर्माण संस्थेने वर्गणी काढून एईडी विकत घेतले आहे. ते चोरीस जाऊ नये म्हणून सेक्रेटरींच्या घरी कपाटात कुलूपबंद असते, आणि सेक्रेटरी दर उन्हाळ्यात कुटुंबासह गावी जातात. आपल्या संस्थेत असे यंत्र असेल, तर येत्या वार्षिक सभेत रंगरंगोटीच्या आधी तेवढी किल्लीची चौकशी करा.