दुधाचे दात फार लवकर हलले तर…

भगिनींनो, सहावं वर्ष लागलं की मुलांचे दुधाचे दात हलू लागतात. पडलेला दात छपरावर फेकण्याची गंमतही घरोघरी होते. पण तीन-चार वर्षांच्या मुलाचेच दात हलायला लागले, हिरड्या लाल होऊन सुजल्या आणि त्याच मुलाचे तळहात-तळपाय जाड, भेगाळलेले असले, तर ‘गोड फार खातो’ म्हणून सोडून देऊ नका.

या दोन खुणा एकत्र दिसणारा एक आनुवंशिक विकार आहे. १९२४ साली पापिलाँ आणि लेफेव्र या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून नावही त्यांचंच. दहा लाखांत एक ते चार जणांनाच तो होतो. यात दात किडलेले नसतात, त्यांना धरून ठेवणारं जबड्याचं हाड झिजतं. चार-पाच वर्षांचं होईतो दुधाचे दात गळतात, हिरड्या बऱ्या होतात, आईला हायसं वाटतं. पण कायमचे दात आले की पुन्हा तेच! उपचार न केल्यास पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत बहुतेक दात जातात.

म्हणून वेळ दवडू नका. कातडीचे डॉक्टर आणि दातांचे डॉक्टर, दोघांनाही दाखवा. तळव्यांना ते युरियाचं किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं मलम देतात. जाड कातडी घरी ब्लेडने कापू नका. हिरड्यांची नियमित सफाई, गरजेप्रमाणे औषधं आणि खराब दुधाचे दात वेळीच काढणं, यांनी पुढचे दात जास्त काळ टिकू शकतात. वारंवार ताप येत असेल तर तेही सांगा.

हा रोग संसर्गजन्य नाही. मुलाला खुशाल शाळेत पाठवा.

आणि एक महत्त्वाचं. अशा वेळी ‘ग्रहणात काही चिरलं असशील’, ‘डोहाळ्यांत भलतंच खाल्लंस’ असं आईलाच ऐकावं लागतं. त्यात काडीचं तथ्य नाही. हा दोष आई आणि वडील दोघांकडून एकेक असा आलेला असतो, ते दोघं स्वतः मात्र धडधाकट असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात, मुलगा असो वा मुलगी, चारांत एक शक्यता असते. आते-मामे भावंडांच्या लग्नात असे दोन दोष एकत्र येण्याचा संभव वाढतो. दुसऱ्या मुलाचा विचार करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्या.

तेव्हा दवाखान्यात एकट्या जाऊ नका. यजमानांना न्याच, जमलं तर सासूबाईंनाही. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, की घरात कोणी कोणाला बोल लावणार नाही.