बारावा फोटो

वाचकहो, दिवाळीच्या आधी माळा साफ करण्याची चाल आपल्या घरांतून अजून टिकून आहे, ही मला मोठ्या समाधानाची गोष्ट वाटते. चकली विकत आणता येते, आकाशकंदील विकत आणता येतो. पण माळ्यावर घरच्याच माणसाला चढावे लागते, कारण तिथले काय टाकायचे आणि काय ठेवायचे हे परक्या माणसाला सांगता येत नाही. त्या माळ्यावरून दर वर्षी ठरावीक वस्तू खाली येतात. एक तांब्याचा बंब, एक भाता फाटलेली पेटी आणि चामड्याच्या केसमधला एक जुना कॅमेरा. त्यांच्यावरून फडके फिरते, ‘असू दे, खात नाही काही’ असे कोणीतरी म्हणते आणि तिघांची पुन्हा वर रवानगी होते. बंब आणि पेटी यांच्याबद्दल या सदरात पुढे कधीतरी लिहीन. आज कॅमेऱ्याची पाळी आहे.

हा विषय मला सुचवला तो माझ्या विद्यार्थ्यांनी. विशीतली मुले ही. त्यांच्या खिशात असे फोन आहेत की रात्रीच्या अंधारातही ते दिवसासारखा फोटो काढतात. तीच मुले तासानंतर घुटमळत येऊन विचारतात, “मॅडम, तुमच्याकडे रोलचा जुना कॅमेरा आहे का हो?” भाड्याने नव्हे, विकतही नव्हे, नुसता हातात घेऊन पाहायला हवा असतो. पूर्वी याला मी पोरखेळ समजले असते. परंतु २०२४ साली पेंटॅक्स या जपानी ब्रँडचा रोलचा एक नवाकोरा कॅमेरा बाजारात आला. नफ्यातोट्याचा हिशेब करणारी कंपनी ज्या अर्थी असे धाडस करते, त्या अर्थी या वेडात काहीतरी तथ्य असले पाहिजे.

आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत हमखास निघणारा कॅमेरा म्हणजे आग्फा क्लिक थ्री. कंपनी जर्मन, पण हा कॅमेरा तयार होई बडोद्याला. काळे प्लॅस्टिकचे अंग, पुढे एक साधे भिंग, उन्हाची एक खूण आणि ढगाची एक खूण. आकाशाकडे पाहायचे, खूण लावायची, समोरच्या माणसापासून चार पावले मागे सरायचे आणि खटका दाबायचा. एवढीच त्याची विद्या. पाठीमागे तांबड्या काचेची बारीक खिडकी असते. फिल्मच्या पाठीला कागद असतो आणि त्या कागदावर आकडे छापलेले असतात. खुंटी पिळत गेले की खिडकीत एक, दोन, तीन असे आकडे येऊन उभे राहतात. बारा आले की रोल संपला.

तुमच्या माळ्यावरचा कॅमेरा पुन्हा चालवायचा असेल तर आधी त्यात कोणती फिल्म बसते ते पाहावे. ‘१२०’ असेल तर तुमचे नशीब थोर. कोडॅकने ही फिल्म १९०१ साली काढली आणि ती आजही मिळते. ‘६२०’ म्हणजे फिल्म तीच, पण तिचे रीळ बारीक. तेव्हा थोडी खटपट पडते. ३५ मिलिमीटरचा असेल तर काहीच अडचण नाही. मग भिंग उजेडासमोर धरावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेची ती देणगी आहे. चामड्याची केस दिसायला राजेशाही, पण ती ओल धरून ठेवते. म्हणून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा. पाठीच्या दाराकडेचा स्पंज जुना होऊन डांबरासारखा चिकट झालेला असतो. तो बदलला नाही तर आत उजेड शिरतो आणि फोटोत तुमच्या मेहुण्याच्या डोक्यामागे विनाकारण तेजोवलय उमटते.

खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांची तऱ्हा आणखी निराळी. सिनेमाची ३५ मिलिमीटरची पट्टी साध्या कॅमेऱ्यात वापरण्याची युक्ती ऑस्कर बार्नाक या जर्मन तंत्रज्ञाने लढवली आणि १९२५ साली त्याचा लायका बाजारात आला. तो तिपाईविना, नुसता हातात धरून वापरता येई. पुढे जपानी लोकांनी तो आणखी लहान केला. १९५९ साली ऑलिंपसच्या योशिहिसा मैतानी यांनी ‘पेन’ कॅमेरा काढला. त्यात एका चौकटीच्या जागी दोन चित्रे बसत, म्हणजे छत्तिसाच्या रोलवर बहात्तर फोटो. काटकसरी गृहिणीलाही पसंत पडावा असा तो हिशेब. १९६७ साली आलेल्या ऑलिंपस ट्रिपला तर सेलच लागत नाही. भिंगाभोवती सेलेनियमचे कडे असते. त्यावर जो उजेड पडेल त्याच्या बळावर तो छिद्राचे माप ठरवतो. उजेड पुरेसा नसला की दृश्याच्या खिडकीत एक तांबडी जीभ वर येते आणि खटका दबत नाही. कॅमेरा स्पष्ट सांगतो, ‘इथे माझ्याने होणार नाही.’ इतके प्रामाणिक यंत्र मी दुसरे पाहिले नाही. माणसेही थोडीच पाहिली.

आता मराठीच्या शिक्षिकेने कॅमेऱ्यावर लिहायचे म्हणजे शब्दांत शिरल्यावाचून कसे राहील? हिंदी माणूस फोटो ‘खींचतो’, इंग्रज तो ‘घेतो’. आपण फोटो ‘काढतो’. काढतो म्हणजे कसा? विहिरीतून पाणी काढावे, फुलातून अत्तर काढावे, तसा. आत काहीतरी आहे, ते जपून बाहेर आणायचे आहे, असे या क्रियापदात गृहीत आहे. फिल्मच्या बाबतीत ते शब्दशः खरे ठरते. जिलेटिनच्या पातळ थरात चांदीच्या क्षारांचे कण बसवलेले असतात. खटका दाबला की क्षणाच्या लहानशा तुकड्यापुरता उजेड त्यांना शिवून जातो. त्या घडीला फिल्म पाहिली तर डोळ्यांना काही म्हणजे काही दिसणार नाही. चित्र उमटलेले असते, पण सुप्त. ते औषधात बुडवल्यावर वर येते आणि पुढे हायपोने पक्के होते. चांदीचे क्षार विरघळवण्याचा हायपोचा हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ सालीच हेरला होता. उलटी प्रतिमा आणि सुलटी प्रतिमा यांना निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह ही नावे देणारेही तेच.

आपल्या देशात ही फिल्म करण्याचा सरकारी कारखाना १९६० साली उटीला स्थापन झाला आणि १९६७ पासून तिथे उत्पादन सुरू झाले. त्या फिल्मचे नाव ‘इंदू’. चांदीच्या धंद्याला चंद्राचे नाव देणारा तो अनामिक अधिकारी नक्कीच रसिक असला पाहिजे. कारखाना आता बंद पडला आहे. २०१२ च्या जानेवारीत होमाई व्यारावाला गेल्या. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार त्या. आणि त्याच आठवड्यात अमेरिकेत कोडॅक कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा सगळ्यांनी मानले की रोलचा जमाना संपला. पण कंपनी त्यातून उठली आणि रोल अजून मिळतो. मात्र महाग मिळतो. फिल्म, धुलाई आणि प्रिंट धरून जो खर्च होतो, त्यात घरातल्या चौघांचे बाहेरचे जेवण सुखाने होते.

मग आजच्या मुलांना यात काय सापडते? माझ्या मते, त्यांना त्यातला मोजकेपणा भावतो. जे मोजके असते त्याचा विचार करावा लागतो. कोडॅकने आपली कोडाक्रोम ही प्रसिद्ध रंगीत फिल्म २००९ साली बंद केली, तेव्हा कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅककरी या छायाचित्रकाराला दिला. ज्याने आयुष्यभर हजारोंनी फोटो काढले, त्याच्या हातात आता नेमके छत्तीस. तो माणूस त्या छत्तीस फोटोंसाठी न्यूयॉर्कहून निघाला, मुंबईला येऊन चित्रपटसृष्टीतल्या काही नामवंतांचे फोटो काढून गेला, राजस्थानात रबारी लोकांत फिरला आणि २०१० च्या जुलैत तो रोल धुवायला कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स या लहान गावी स्वतः घेऊन गेला. छत्तीस म्हटल्यावर माणूस पृथ्वी पालथी घालतो. छत्तीस हजार म्हटल्यावर तो खुर्चीतून उठत नाही.

आमच्या घरचा आकडा बाराचा होता. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो आणि अण्णांचा क्लिक थ्री कपाटातल्या वरच्या खणात असे. एक रोल सहा महिने पुरे. गणपतीचे दोन, दिवाळीचे तीन, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा एक, असा त्याचा अर्थसंकल्प ठरलेला. रोल धुऊन येई तेव्हा गणपतीत पडलेले माझे दात संक्रांतीच्या फोटोत परत आलेले दिसत. अण्णांचा एक नियम होता: अकरा फोटो त्यांचे, बारावा आईचा. खिडकीत बाराचा आकडा आला की ते कॅमेरा आईच्या हातात देत आणि म्हणत, “घे. आता मी पलीकडे उभा राहतो.” जो फोटो काढतो तो कधी फोटोत नसतो, ही प्रत्येक घरातली रीत त्यांनी अशी मोडली होती. आईचे पहिले फोटो वाकडे आले. एकात अण्णा कमी आणि मोरी जास्त आली. मग तिचा हात बसला.

२०२१ साली अण्णा गेले. भिंतीवर लावायला एक फोटो हवा होता. आम्ही तिघा भावंडांनी आपापले फोन उघडले. शेकड्यांनी फोटो निघाले. कुणाच्या वाढदिवसाच्या केकच्या कडेला अण्णा होते, नातवाच्या खांद्यामागे अर्धे अण्णा होते, डोळे मिटलेले अण्णा होते. सगळ्या फोटोंत ते हजर होते, पण त्यांचा असा एकही नव्हता. शेवटी आईने निगेटिव्हची पाकिटे काढली. प्रत्येकावर अण्णांच्या अक्षरात तारखा होत्या. १९८६ सालच्या पाकिटातली बारावी चौकट तिने खिडकीसमोर धरली आणि म्हणाली, “हा.” काका म्हणाले, “वहिनी, यात तो चाळिशीचासुद्धा दिसत नाही. लोक काय म्हणतील?” आई म्हणाली, “बाकीच्या फोटोंत ते मोबाइलकडे बघतायत. यात माझ्याकडे बघतायत.” यावर कोणी काही बोलले नाही.

ती निगेटिव्ह सहा सेंटिमीटर चौरस. ३५ मिलिमीटरच्या चौकटीच्या सुमारे साडेतीन पट. म्हणून तिचा मोठा प्रिंट स्वच्छ निघाला. शर्टाच्या खिशातल्या पेनाची क्लिपसुद्धा दिसते. अल्बममधला त्याचा जुना प्रिंट चिकटून, पिवळा पडून केव्हाच गेला होता. प्रिंट हे फळ आहे आणि निगेटिव्ह हे बी. फळ नासले तरी चालेल, बी जपावे.

फोनची निंदा करण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. मुलाचे पहिले पाऊल रोलच्या भरवशावर कोणी सोडू नये. फोन तिथे खरा उपकारी आहे. पण या दिवाळीत माळ्यावरून कॅमेरा खाली आलाच आहे, तर त्यात एक रोल भरून पाहावा. पणत्यांचा उजेड क्लिक थ्रीला पुरत नाही. तेव्हा पाडव्याच्या सकाळी, कोवळ्या उन्हात, गच्चीवर किंवा गॅलरीत सगळ्यांना उभे करावे. रोल संपला की महिनोन्‌महिने ठेवू नये, लगेच धुवायला द्यावा. निगेटिव्ह परत मागून घ्याव्यात, कारण हल्ली पुष्कळ जण स्कॅन घेतात आणि निगेटिव्ह दुकानातच टाकून येतात. त्या कागदी पाकिटात घालून वर तारीख आणि नावे लिहावीत. आजच्या नातवाला ठाऊक असलेले नाव त्याच्या नातवाला ठाऊक नसते.

आणि शेवटचा फोटो राखून ठेवावा. घरात जो नेहमी कॅमेऱ्यामागे असतो, किंवा जी नेहमी ‘माझा नको गं, मी स्वयंपाकघरातून तशीच आलेय’ म्हणून बाजूला होते, तिला पुढे उभे करावे आणि दुसऱ्याने खटका दाबावा. बाराव्या फोटोनंतर पुसून पुन्हा काढायची सोय नाही, म्हणून जरा थांबून, नीट पाहून दाबावा.