चालती करा, नवी करू नका

जुन्या नाशकातला वाडा पुनर्विकासाला निघतो, देवळालीतल्या बंगल्यामागची शेड पाडायला घेतात, आणि ताडपत्रीखालून एखादी गाडी बाहेर येते. बहुतेक वेळा ती फियाट असते. नशीब थोर असेल तर पन्नाशीच्या दशकातली मिलेचेंतो, म्हणजे आपली डुक्कर फियाट. घरातली तरुण मंडळी हौसेनं ती गॅरेजला नेतात आणि तिथं ठरलेलं वाक्य ऐकू येतं : "सगळी खोलतो, पत्रा घासतो, नवीकोरी करून देतो." ऐकणाऱ्याला आनंद होतो. माझा मात्र या वाक्यालाच विरोध आहे. बंद गाडी चालती करणं आणि जुनी गाडी नवी करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं केलंच पाहिजे. दुसरं केलं की जे जपायला निघालो तेच हातचं जातं.

नव्या करणाऱ्यांची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती माणसं गाड्यांवर प्रेम करणारीच आहेत. त्यांचं पहिलं म्हणणं असं, की कारखान्यातून बाहेर पडताना गाडी जशी होती तशी दिसणं हाच तिचा अस्सलपणा. विटलेला रंग आणि फाटकं रेग्झिन ही काळानं केलेली नासाडी, ती पुसलीच पाहिजे. दुसरं, गंज ठेवला तर गाडीच राहणार नाही. तिसरं, सुटे भाग मिळत नाहीत, तेव्हा आजचं इंजिन बसवण्यावाचून गत्यंतर नाही. चौथं, जुन्या ब्रेकवर आणि जुन्या वायरींवर रस्त्यावर उतरणं जिवाशी खेळ आहे. पाचवं, जपणूक वगैरे श्रीमंतांचे शौक.

पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करू. कारखान्यातल्यासारखी गाडी आज कोणीही करून देऊ शकत नाही. तो रंग, ते रेग्झिन, तो शिवणीचा दोरा आज बनत नाही. घासून रंगवलेली गाडी हे आजच्या रंगाचं, आजच्या लांबीचं आणि आजच्या कारागिराच्या नजरेचं काम असतं. ते सुंदर असेल, पण ते १९५६ चं नसतं. खात्री करायची असेल तर डुक्कर फियाटचा पुढचा दरवाजा उघडा. याची बिजागरी मागच्या बाजूला, म्हणून तो उलटा उघडतो. बिजागरीच्या सांध्यात, जिथं पॉलिशचं फडकं कधी पोचलं नाही, तिथं बोट फिरवा. तिथला रंग बाहेरच्यापेक्षा एक छटा गडद असतो. त्याच्या कडेला खालचा प्रायमर दिसतो, आणि मध्येच कधी दुसऱ्या हाताचा, नंतरच्या रंगाचा काठ लागतो. गाडी मुळात कोणत्या रंगाची होती, ती कितीदा रंगवली, कोणत्या बाजूनं ठोकर बसली, हे सगळं त्या बोटभर पट्टीत लिहिलेलं असतं. पॉलिश पेपरचा पहिला हात फिरला की ही नोंद पुसली जाते, आणि ती पुन्हा कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही.

यावर एक हुशार प्रतिप्रश्न येतो. आजोबांनी १९७२ साली रंग बदलला असेल तर अस्सल कोणता, पहिला की दुसरा? याचं उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे. १९०६ साली जोगलटेंभीला क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी तेरा हजारांवर होती, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला होता. खाली नहपानाचा चेहरा, वर सातकर्णीची खूण. एका राजानं दुसऱ्याला हरवल्याचा इतका ठाम पुरावा क्वचितच मिळतो, आणि तो मिळाला कारण कोणी ती नाणी 'मूळ रूपात' आणायला घासली नाहीत. वरचा ठसा अस्सल आणि खालचाही अस्सल. गाडीचंही तसंच आहे. घरानं वापरताना केलेला बदल हा गाडीच्या आयुष्याचा भाग आहे. आपण आज हौसेपोटी केलेला बदल हे मात्र त्या आयुष्यावर केलेलं खाडाखोडीचं काम आहे.

बाहेरच्या जगानंही ही बाजू घेतली आहे. जुन्या इमारतींच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिसची सनद झाली. तिच्याच धर्तीवर जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेनं, फिवानं, ट्यूरिनची सनद केली. तिचा गाभा असा : जेवढं आहे तेवढं आधी राखा, गरजेपुरताच हात लावा, लावलेला हात पुढं काढता येईल असा ठेवा, काढलेला मूळ भाग गाडीसोबतच जपा, आणि केलेल्या कामाची नोंद करा. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या प्रदर्शनात आरशासारख्या चकाकणाऱ्या गाड्यांचाच दबदबा असायचा. तिथं २०२४ साली सर्वोच्च मान १९३४ च्या एका बुगाटी टाइप ५९ ला मिळाला. ती नव्यानं सजवलेली नव्हती, आहे त्या स्थितीत जपलेली होती. त्या प्रदर्शनात जपणुकीच्या वर्गातल्या गाडीनं हा मान मिळवण्याची ही पहिलीच वेळ.

गंजाचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, आणि तेवढा मी मान्य करतो. डुक्कर फियाटला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चासी. तळाचा पत्रा कुजला, दाराखालची पट्टी पोकळ झाली, तर तिथं कापून त्याच जाडीचा, त्याच आकाराचा पत्रा वेल्ड केलाच पाहिजे. पण पसरणारा गंज वेगळा आणि विटलेला रंग वेगळा. टपावरचा रंग उन्हानं फिकट झाला म्हणून गाडी मोडत नाही. तळाला चार बोटं भोक पडलं म्हणून सगळी गाडी पत्र्यापर्यंत घासायची, हा कुठला न्याय? जिथं रोग आहे तिथं उपचार करा, बाकीच्या अंगाला सोडा. नाशिकची हवा मुंबई-कोकणाच्या मानानं कोरडी आहे. इथं शेडमध्ये राहिलेल्या गाड्यांचा पत्रा पुष्कळदा वाटतो त्यापेक्षा धड असतो. आधी खालून टॉर्च मारून बघा, टोचून बघा, मगच ठरवा.

सुटे भाग मिळत नाहीत, हे तर फियाटच्या बाबतीत सांगूच नये. आपल्याच जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात रावळगावचा साखर उद्योग उभा करणाऱ्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पुढं सरकारचं धोरण बदललं, इथंच भाग बनवायची तयारी नसलेल्या परदेशी जुळणी कारखान्यांना गाशा गुंडाळावा लागला, आणि मोजक्या देशी कंपन्या उरल्या. त्यामुळं फियाट ११०० चं घराणं आपल्याकडं मिलेचेंतोपासून पद्मिनीपर्यंत दशकानुदशकं चाललं, आणि इंजिन तेच १०८९ सीसीचं राहिलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. इतकी वर्षं लाखो हातांतून गेलेल्या यंत्राचे भाग आणि ते जाणणारे मिस्त्री अजून आहेत. जे मिळत नाही ते बनवता येतं. सातपूर-अंबडच्या लेथवर बुश आणि पिन बनवणं ही रोजची गोष्ट आहे. ओझरच्या एचएएलमध्ये मिग विमानं बांधली आणि ओव्हरहॉल केली गेली. निघालेल्या प्रत्येक भागाची नोंद ठेवायची शिस्त ज्या जिल्ह्यानं विमानांसाठी पाळली, त्यानं ती मोटारीसाठी जमत नाही म्हणू नये. डिझेल इंजिन किंवा मारुतीचं इंजिन-गिअरबॉक्स बसवणं हा अडचणीतला मार्ग नाही. तो घाईचा मार्ग आहे.

आणि आता त्याला कायद्याचीही आडकाठी आहे. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली दुचाकी आणि चारचाकी व्हिंटेज धरली जाते, पण अट अशी, की ती मूळ रूपात राखलेली असावी. चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार करणारं मोठं काम झालेलं नसावं. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्यानं नोंदवायच्या गाडीला 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो. रोजच्या वापराला आणि धंद्याला बंदी आहे. रॅली, प्रदर्शन, देखभाल यांसाठी ती रस्त्यावर आणता येते. म्हणजे इंजिन बदलून गाडी 'वाचवणारा' माणूस तिला या नियमांच्या छत्राबाहेर ढकलत असतो.

सुरक्षेच्या मुद्द्यावर माझा वाद नाही. ब्रेकची रबरं, ब्रेकचे पाइप, टायर, होज पाइप, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी यांना पवित्र मानायचं कारण नाही. ते झिजण्यासाठीच बनवलेले भाग होते. गाडी रोज पळत होती तेव्हाही ते बदलले जात. ज्यावर जीव टांगलेला आहे ते नवं घाला. त्यासाठी डॅशबोर्ड उपसायची, स्टिअरिंग बदलायची, बंपरला नवं क्रोम चढवायची गरज पडत नाही.

दुसऱ्या टोकाला एक पंथ आहे : हात लावूच नका, काचेत ठेवा. मला तोही पटत नाही. उभ्या गाडीत ऑइल सील वाळतात, पिस्टनच्या रिंगा बोअरला चिकटतात, टायर एका जागी दबून चपटे होतात. मोटारीचं अस्सलपण तिच्या चालण्यातही आहे. स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्याची ओढ, इंजिनाचा नाद, गरम झालेल्या ऑइलचा वास, यातलं काही काचेआडून कळत नाही. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक दसऱ्याच्या सोहळ्याला बाहेर पडते तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा उभ्या माणसांना जे मिळतं, ते संग्रहालयातल्या पाटीवर लिहून मिळणार नाही.

मग वर्षानुवर्षं बंद असलेली गाडी चालती कशी करायची? पहिला नियम : नवी बॅटरी जोडून स्टार्टर मारायचा नाही. या एका उतावीळपणानं जितकी मूळ इंजिनं फुटली असतील, तितकी गंजानंही नसतील. आधी गाडी आहे त्या धुळीसकट सगळ्या बाजूंनी फोटोत घ्या. मग चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा आणि काही दिवस तसंच मुरू द्या. नंतर टॉप गिअर टाकून गाडी हातानं हळूच पुढं-मागं हलवा. इंजिन फिरलं तर ठीक, नाही तर पुन्हा ऑइल आणि पुन्हा धीर. जोर लावायचा नाही. जुनं ऑइल काढा, चेंबर उतरवून तळाचा गाळ धुवा, ऑइल पंपाची जाळी साफ करा. टाकीतलं पेट्रोल आंबून डिंकासारखं झालेलं असतं आणि त्याला व्हार्निशचा वास येतो. टाकी उतरवा, लाइन फुंका, कार्बोरेटर खोलून जेट मोकळे करा. सीबी पॉइंट साफ करा. प्लग काढलेलेच ठेवून इंजिन फिरवा, ऑइल वरपर्यंत चढलं की मगच प्लग लावा आणि पहिल्यांदा इंजिन बाहेरच्या छोट्या कॅनमधल्या ताज्या पेट्रोलवर चालवा. इंजिनाइतकंच लक्ष ब्रेकला द्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळं व्हील सिलिंडर आतून गंजून जाम झालेले असतात. आजच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला मानवत नाही आणि पाणीही धरतं, म्हणून पेट्रोलची रबरी नळी आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा घाला, आणि गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवा आणि वहीत तारखेसह लिहा. बॉडीला एवढंच : साधं पाणी, मऊ कापड, हलकं मेण.

एवढं वाचलं तर शेवटचा आक्षेप आपोआप गळतो. शौक श्रीमंतांचा आहे तो नव्या करण्याचा. खरा खर्च डेंटिंग-पेंटिंगला, क्रोमला, नव्या गाद्यांना येतो. जपणुकीला पैसा कमी आणि वेळ जास्त लागतो. नोकरदार घरालाही रविवारच्या रविवारी, एका जाणत्या मिस्त्रीच्या हाताखाली, हे काम पेलतं.

म्हणून नाशिककरांकडं माझी मागणी आहे. रॅली भरवणाऱ्यांनी जपलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग करावा आणि त्याचं बक्षीस चकाकीच्या बक्षिसापेक्षा खालचं ठेवू नये. आयटीआयनं कार्बोरेटर आणि सीबी पॉइंट जाणणाऱ्या जुन्या मिस्त्रींना वर्गात बोलवावं. ती विद्या त्यांच्याबरोबर गेली तर कुठल्याही पुस्तकातून परत येणार नाही. गॅरेजवाल्यांनी 'नवीकोरी'चा दर सांगण्याआधी 'चालती'चा दर सांगावा. आणि घरातल्यांनी, गाडी गॅरेजला द्यायच्या आधी, पॉलिश पेपरला हात लावायचा नाही हे लेखी ठरवून घ्यावं. रंग कधीही देता येतो, उद्या देता येतो, पुढची पिढीही देऊ शकते. काढलेला रंग मात्र कोणालाच परत देता येत नाही. निर्णय घेताना एवढा एकच फरक ध्यानात ठेवला, तरी नाशकातल्या पुष्कळ गाड्या वाचतील.