तिसऱ्या साक्षीदाराची तजवीज

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावरून आत शिरले आणि माड-पोफळीच्या बागांबरोबर विजेचे खांबही आडवे करून गेले, तेव्हा म्हसळा तालुक्यातील कित्येक गावे पुढे अनेक दिवस अंधारात राहिली, आणि विजेअभावी मोबाइलचे मनोरेही मुके झाले. दूरदृष्टीने दोन कंपन्यांची दोन सिमकार्डे खिशात बाळगणाऱ्या गृहस्थाची त्या दिवसांत जी फजिती झाली, तिच्यात मोठमोठ्या बँकांच्या संचालकांनीही मनन करावे असे बरेच काही आहे; कारण कंपन्या दोन असल्या तरी मनोरे ज्या विजेवर जगत होते ती एकच होती.

हे आठवण्याचे कारण असे, की सहकारी बँका, पतसंस्था आणि कारखाने यांचा कारभार आज ज्या अदृश्य यंत्रणेवर चालतो, जिला संगणकवाले मेसेज क्यू म्हणतात, ती अखंड चालू ठेवण्याची योजना निवडताना हीच फसगत पदोपदी होते. तालुका कचेरीतील बारनिशीचा कारकून आलेल्या प्रत्येक कागदावर आवक क्रमांक घालतो आणि संबंधित मेजावरचा इसम रजेवर असला तरी तो कागद गहाळ होऊ देत नाही. तद्वत ही यंत्रणा एका संगणकाने पाठवलेला संदेश नोंदवून घेते, आणि दुसऱ्याकडून पोच येईपर्यंत तो जपून ठेवते. आयबीएमने 1993 साली एमक्यूसिरीज या नावाने असे साधन बाजारात आणले. आज रॅबिटएमक्यू आणि काफ्का यांचीही चलती आहे. खाते नावे पडले, पण रक्कम पुढे जमा झाली नाही, असा घोटाळा टाळण्याची भिस्त बहुतांशी या रांगेवर असते, आणि म्हणूनच तीच बंद पडली तर काय, हा प्रश्न उपस्थित होतो.

सर्वांत रूढ उपाय म्हणजे दोन यंत्रे आणि त्यांच्यामध्ये एक सामाईक साठवण. पहिले यंत्र साठवणीवर कुलूप घालून काम करते, दुसरे ते कुलूप सुटण्याची वाट पाहत बसते, आणि पहिले कोसळताच दफ्तर हाती घेते. योजना सुटसुटीत व स्वस्त आहे; पण साठवणच रुसली तर दोन्ही कारकून रिकाम्या मेजाशी बसतात. 24 फेब्रुवारी 2021 रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात व्यवहार सकाळी 11:40 वाजता थांबले ते दुपारी 3:45 पर्यंत सुरू झाले नाहीत. बाजाराने दिलेल्या खुलाशानुसार रस्त्यालगतच्या खोदकाम-बांधकामामुळे दोन दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्यांत एकाच वेळी बिघाड झाला, आणि त्यातून साठवण यंत्रणा अनपेक्षितपणे वागू लागल्याने जोखीम-नियंत्रणाची व्यवस्थाच बंद पडली. आपत्तीसाठी चेन्नईला उभारलेले केंद्र त्या दिवशी कामी आले नाही.

दुसरा मार्ग तीन यंत्रांचा. प्रत्येक संदेशाची नोंद तिघांपैकी निदान दोघांनी केली म्हणजेच ती ग्राह्य, हा त्याचा दंडक. रॅबिटएमक्यूच्या क्वोरम क्यू आणि आयबीएमची नवी व्यवस्था याच तत्त्वावर चालतात. दोनच यंत्रांनी नोंदी परस्परांकडे पाठवल्या आणि मधली वाहिनी तुटली, तर प्रत्येकाला दुसरे मेले असे वाटू शकते, आणि दोन कारकुनांनी एकाच आवक क्रमांकाचे शिक्के निरनिराळ्या कागदांवर मारावेत तसा अनर्थ ओढवतो. तिसरा साक्षीदार असला म्हणजे बहुमत एकाच बाजूला जाते आणि अल्पमतातील यंत्र मुकाट्याने थांबते. हे थांबणे पुष्कळांना अपयश वाटते. पैशाच्या व्यवहारात मात्र मला ते दुप्पट नोंदीपेक्षा शतपटीने पत्करेल.

अर्थात ही तीन यंत्रे एकाच इमारतीत, एकाच जनित्रावर ठेवली तर खर्च तिप्पट होतो आणि जोखीम होती तेथेच राहते. फार दूर ठेवावीत तर काचतंतूतील प्रकाशही सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटरच धावतो, त्यामुळे हजार किलोमीटरवरून पोच येण्यास निदान दहा सहस्रांश सेकंद लागतात आणि रांग तुंबू लागते. माझ्या मते कोकणातील संस्थांनी मुंबई, पनवेल आणि सह्याद्रीपलीकडचे पुणे अशी त्रिस्थळी मांडावी, पण करार करण्यापूर्वी पुरवठादाराकडून तिन्ही ठिकाणांच्या वाहिन्या कोणत्या रस्त्याने जातात याचा नकाशा लेखी मागावा.

कोणत्या क्षणी कारभार दुसरीकडे हलवायचा, याचा मुखत्यार कोण, हेही अगोदर ठरलेले हवे. मार्च 2021 मध्ये सेबीने शेअर बाजारांना घटनेपासून 30 मिनिटांत आपत्ती जाहीर करण्याचे आणि तेथून 45 मिनिटांत दुसऱ्या केंद्रावरून काम सुरू करण्याचे बंधन घातले. 2 मार्च 2024 रोजी, शनिवारी, बाजार मुद्दाम उघडून काही काळ खरे व्यवहार आपत्ती केंद्रावरून चालवण्यात आले. कागदावरची रंगीत तालीम आणि हा प्रयोग यांत महदंतर आहे.

एवढे करूनही म्हसळ्याच्या शाखेचा प्रश्न शिल्लक उरतो, कारण मुंबई-पुण्याची यंत्रे धडधाकट असली तरी घोणसे घाटात तार तुटली म्हणजे शाखा एकाकी पडते. तेथे एक छोटी रांग शाखेतच हवी, जी बॅटरीवर चालेल, निघालेले संदेश धरून ठेवील आणि वाट मोकळी होताच क्रमाने पुढे धाडील. परंतु त्या अवधीत खात्यातील शिल्लक खरी की शिळी हे तिला कळणार नाही. मग दारी आलेल्या खातेदाराला किती रक्कम द्यावी, पाचशे, दोन हजार, की काहीच नाही? याचा ठराव संचालक मंडळाने मे महिन्यातच, तुटीचा भार कोणावर पडेल हे स्पष्ट लिहून, मंजूर करावा. भर पावसात तो भार शाखेच्या रोखपालावर ढकलणे अन्यायाचे होईल.