‘मागणी नाही’ म्हणे!

२०२३ सालच्या थंडीत मी अमेरिकेत लेकीकडे होते. खरं तर उन्हाळ्यात, बाळंतपणाला जायचं ठरलं होतं. पण नवव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके लागेनात. डॉक्टरांनी आठवडाभर वाट पाहिली, पुन्हा सोनोग्राफी केली आणि गोळ्या लिहून दिल्या. मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी.

गोळ्यांचं नाव मिसोप्रोस्टॉल. मुळात हे पोटातल्या अल्सरवरचं औषध. गर्भपिशवी आकुंचन पावून आतलं बाहेर पडावं म्हणून ते जगभर वापरतात, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायलाही वापरतात. म्हणजे काही चोरटी वस्तू नव्हे.

त्यांच्या गावात औषधाचं वेगळं दुकान उरलेलं नाही. पूर्वी दोन होती, शेजारच्या आजीबाई सांगत होत्या. मोठं दुकान आलं आणि दोन्हींना कुलूप लागलं. आता दूध, टायर, चादरी, कुत्र्याचं खाणं आणि माणसाचं औषध, सगळं एका छपराखाली. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिथे गेलो. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरवर पाहिलं आणि मागे रांग उभी असताना विचारलं, “तुम्ही गरोदर आहात का?” आता या प्रश्नाचं उत्तर माझ्या लेकीने काय द्यावं? मी पुढे झाले तशी ती म्हणाली, “आई, तू काही बोलू नकोस.” मग आतून फार्मासिस्ट आला. वयाने तरुण, बोलायला अगदी नम्र. डॉक्टरांनी कारण लेखी कळवल्याशिवाय देता येणार नाही, म्हणाला. दवाखाना सोमवारी उघडणार होता.

ती राहते त्या राज्यात, २०२२ च्या जूनमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतल्यापासून, गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. पण गर्भच जिवंत नाही तिथे ती बंदी लागू होत नाही. हे त्या तरुणाला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. त्याला मालकाची भीती, मालकाला वकिलाची आणि वकिलाला सरकारची. या भीतीच्या उतरंडीत सगळ्यात खाली माझी लेक, पोटात ते घेऊन तीन दिवस बसलेली. बाहेर पडताना वाट लहान मुलांच्या कपड्यांवरून होती. जावयाने तिचा हात धरून जवळजवळ पळवतच तिला गाडीपर्यंत नेलं.

हे दुःख घरातलं आहे आणि ते मांडायचं की नाही यावर मी बरेच महिने घालवले. लेकच म्हणाली, लिही. कारण एकट्या तिची ही गोष्ट नाही आणि एकट्या बंदीचीही नाही.

बंदी नव्हती तेव्हा काय होत होतं ते पाहा. १९९९ मध्ये वॉलमार्ट या अवाढव्य कंपनीने ठरवलं की संबंधानंतर घ्यायची गर्भनिरोधक गोळी आपल्या औषध-काउंटरवर ठेवायची नाही. कायद्याने गोळीला मंजुरी होती, डॉक्टर चिठ्ठी लिहून देत होते. कंपनीने सांगितलं, हा आमचा धंद्याचा निर्णय. आदल्याच वर्षी पुरुषांची व्हायाग्रा बाजारात आली होती, ती मात्र धंद्यात बसली! त्याच कंपनीच्या दुकानांतून बंदुकाही विकल्या जात होत्या. ही गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते. शंभर मैलांत दुसरं दुकान नसेल तर धंद्याचा निर्णय बाईच्या पोटात वाढू लागतो.

हे मोडलं कुणी? तीन बायकांनी. २००६ च्या फेब्रुवारीत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या तिघीजणी चिठ्ठी घेऊन गेल्या, नकार मिळाला आणि त्यांनी दावा लावला. तिथल्या औषध-दुकानांच्या नियमात एक साधं कलम होतं: परिसरातल्या लोकांना नेहमी लागणारी औषधं दुकानात असलीच पाहिजेत. राज्याच्या फार्मसी मंडळाने त्याच महिन्यात कंपनीला गोळी ठेवायचा हुकूम दिला. मार्चमध्ये कंपनीने देशभरच्या काउंटरांवर ती ठेवायचं जाहीर केलं. सात वर्षं मागणी नव्हती ती महिन्याभरात कुठून आली? मात्र मनाला पटत नसेल तर फार्मासिस्टने गिऱ्हाइकाला दुसरीकडे धाडावं, ही मुभा कंपनीने राखूनच ठेवली.

आणि हीच ती कंपनी, जिच्यावर पगारात आणि बढतीत बायकांना डावलल्याचा दावा २००१ मध्ये दाखल झाला होता. सुमारे १५ लाख बायकांच्या वतीने. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एवढ्या सगळ्या बायकांना मिळून एक दावा चालवता येणार नाही. नाकारायच्या वेळी हजारो दुकानं एका हुकमाने चालतात. न्याय मागायच्या वेळी मात्र प्रत्येक दुकान निराळं, प्रत्येक बाई एकटी!

आता अलीकडचं. मिफेप्रिस्टोन ही गर्भपाताची गोळी अमेरिकेत २००० साली मंजूर झाली. २०२३ च्या जानेवारीत औषध दुकानांनाही ती चिठ्ठीवर देण्याची परवानगी मिळाली. कॉस्टको या कंपनीचे पाचशेहून अधिक औषध-काउंटर आहेत. धार्मिक विचारांच्या गुंतवणूकदारांनी पत्रं लिहून ती गोळी ठेवू नका म्हणून दडपण आणलं होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने सांगितलं, आम्ही ती विकणार नाही, कारण गिऱ्हाइकांची मागणी नाही. जिथे गर्भपात कायदेशीर आहे त्या राज्यांतही नाही. पत्रं लिहिणाऱ्यांनी विजय साजरा केला. कंपनीने तत्त्वाचं नाव काढलं नाही, पापपुण्याचं काढलं नाही, हिशेबाची वही पुढे केली. वहीशी कोण भांडणार?

काहीजणी म्हणतील, दुकान त्याचं, काय विकायचं ते तो ठरवेल. कांदे-बटाट्याबाबत मान्य. पण औषधाच्या दुकानाला परवाना का लागतो? कारण ते औषध दुसऱ्या कुणी विकायचं नाही असं आपण, समाजाने, कबूल केलेलं असतं. मक्तेदारी आपण दिली, तर जबाबदारीही आपण मागणार. स्वस्ताई हा दुसरा युक्तिवाद, आणि तो मी उडवून लावत नाही. २००६ पासून वॉलमार्टने नेहमीची कित्येक औषधं महिन्याला ४ डॉलरला दिली, रक्तदाब-मधुमेहाच्या गरीब रोग्यांना त्याचा खरा आधार झाला. पण त्याच स्वस्ताईने गावातली लहान दुकानं टिकेनाशी होतात, आणि मग एक ‘नाही’ म्हणजे सगळ्या गावाचं ‘नाही’.

आपल्यापैकी ज्या जुन्या आहेत त्यांना आठवेल, १९८६ मध्ये नेट-एन इंजेक्शनच्या विरोधात स्त्री-संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या. तेव्हा गरीब बायांवर औषध लादलं जात होतं, आज मी औषध मिळत नाही म्हणून ओरडते आहे. एकीने मला विचारलंही, हे उलटं नाही का? मुळीच नाही. तेव्हाही बाईला न विचारता ठरत होतं, आताही तिला न विचारताच ठरतं.

परत आल्यावर मी आमच्या शहरातल्या मॉलमधल्या एका चकचकीत औषध-विभागात गेले. गर्भपाताच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतील का, एवढंच विचारलं. माझे पांढरे केस पाहून मुलगा गोंधळला. म्हणाला, “काकू, ते आम्ही ठेवतच नाही. भानगड नको.” आपल्याकडे कायदा १९७१ चा, गोळ्यांना मंजुरी २००२ ची. पण बीड जिल्ह्यात २०१२ मध्ये गर्भलिंगनिदानाचं प्रकरण उघड झाल्यावर राज्यात या गोळ्यांवर धाडी आणि तपासण्या सुरू झाल्या, आणि कित्येक मेडिकलवाल्यांनी कटकट नको म्हणून त्या ठेवणंच सोडलं. या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी आहेत. तेवढ्यात सोनोग्राफीत मुलगा की मुलगी ते कळत नाही. मुली वाचवायच्या नावाखाली बायकांची वाट बंद, आणि गर्भलिंग सांगणाऱ्या मशीनवाल्याचं या गोळ्यांवाचून काहीच अडत नाही! गल्लीतल्या मेडिकलवाल्याशी निदान भांडता येतं, त्याला चार बायका घेऊन गाठता येतं. मॉलमधला मुलगा म्हणतो, वरून ऑर्डर आहे. वर म्हणजे कुठे?

लेकीला गोळ्या मंगळवारी मिळाल्या, ८० मैलांवरच्या एका लहान दुकानात. तिथल्या बाईने काही विचारलं नाही, फक्त रक्तस्राव किती झाला तर दवाखाना गाठायचा ते दोनदा नीट समजावून सांगितलं.

आमच्या गटाने ठरवलं आहे की येत्या तीन महिन्यांत आपापल्या भागातल्या मेडिकलमध्ये आणि मॉलच्या औषध-विभागात जाऊन या गोळ्यांची चौकशी करायची. तुम्हीही करा. ठेवतात का, नसतील तर कारण काय दिलं, चिठ्ठी मागितली की नवऱ्याची सही, ते कळवा. गावाचं नाव आणि तारीख घाला. विचारणाऱ्या बाईचं नाव नको.