विश्लेषण: सिकलसेल वाहक मुलांनी मैदानात उतरावं की नाही? विद्यापीठांचं संशोधन नंदुरबारला काय सांगतं?

सिकलसेलची तपासणी झाली, कार्ड हातात आलं आणि त्यावर ‘वाहक’ असं लिहिलेलं आहे. मग त्या मुलीने आश्रमशाळेच्या कबड्डी संघातून खेळावं का? तिच्या मोठ्या भावाने पोलीस भरतीसाठी पहाटे पळायला जावं का? नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न शेकडो घरांत उभा राहू शकतो. घरच्यांना भीती वाटते, क्रीडाशिक्षकांना जबाबदारी नको असते आणि नेमकं काय करायचं हे त्या कार्डवरून कळत नाही.

या प्रश्नावर अमेरिकेतली विद्यापीठं आणि लष्करी डॉक्टर गेली जवळपास चाळीस वर्षं अभ्यास करत आहेत. तिथे काही तरुण खेळाडूंचे जीव गेले, खटले झाले, नियम बदलले. त्यातून निघालेलं उत्तर मात्र फार अवघड नाही. वाहकांना खेळू द्या, सराव घेण्याची पद्धत बदला.

नंदुरबारमध्येच हा प्रश्न एवढा मोठा का?

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार हा आदिवासीबहुल जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार इथली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा हा सातपुड्याचा पट्टा म्हणजे भिल्ल आणि पावरा समाजाची वस्ती.

पुण्याचे डॉ. एस. एल. केट यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासी समाजांतील सिकलसेलचा अनेक वर्षं अभ्यास केला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार राज्यातल्या आदिवासी जमातींमध्ये वाहकांचं सरासरी प्रमाण सुमारे १० टक्के आहे. भिल्ल, पावरा, माडिया, परधान यांसारख्या काही समाजांत मात्र सिकल हिमोग्लोबिनचं प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत आढळलं.

हा आकडा मैदानावर आणून पाहू. कबड्डीच्या संघात राखीव धरून १२ खेळाडू असतात. भिल्ल-पावरा मुलांच्या अशा संघात दोन ते चार जण वाहक असू शकतात. म्हणजे वाहक मुलं आजही खेळतच आहेत. त्यातल्या अनेकांना स्वतःला ते माहीत नसेल, एवढंच.

आता ते माहीत होण्याची वेळ आली आहे. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान पंतप्रधानांच्या हस्ते १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे सुरू झालं. ० ते ४० वयोगटातल्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचं लक्ष्य आहे. केंद्र सरकारच्या माहितीनुसार २०२५ च्या मध्यापर्यंत ६ कोटींहून अधिक तपासण्या झाल्या आणि सुमारे १६.७ लाख वाहक आढळले. खेळणारी आणि भरतीची तयारी करणारी पिढी याच वयोगटात येते.

वाहक आणि रुग्ण यांत फरक काय?

गोंधळ होतो तो इथेच. हिमोग्लोबिनचा एक जनुक आईकडून आणि एक वडिलांकडून येतो. दोन्ही जनुक सिकलचे असतील तर ती व्यक्ती रुग्ण, म्हणजे ‘एसएस’. एक सिकलचा आणि एक सामान्य असेल तर ती व्यक्ती वाहक, म्हणजे ‘एएस’.

रुग्णाच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि वेदना, ॲनिमिया, वारंवार होणारे संसर्ग असा त्रास आयुष्यभर राहतो. रुग्णाने किती आणि कोणता व्यायाम करावा, हे डॉक्टरांनीच ठरवायला हवं.

वाहकाचं तसं नसतं. त्याच्या शरीरात साधारण ४० टक्क्यांपर्यंत सिकल हिमोग्लोबिन असलं, तरी रोजच्या जगण्यात त्याला काही जाणवत नाही. शेतात काम, डोंगर चढणं, खेळ सगळं नेहमीसारखं चालतं. मलेरियापासून तर वाहकाला काही प्रमाणात संरक्षणच मिळतं. मलेरियाच्या पट्ट्यात हा जनुक पिढ्यान् पिढ्या टिकला, त्याचं कारण हेच.

अडचण येते ती शरीराला अगदी टोकापर्यंत ताणल्यावर. न थांबता जीव तोडून पळताना रक्तातला ऑक्सिजन कमी होतो, स्नायूंत आम्ल वाढतं, अंग तापतं आणि पाणी कमी पडतं. हे सगळं एकाच वेळी झालं तर वाहकाच्याही पेशी वाकू लागतात आणि बारीक रक्तवाहिन्या अडतात. स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातलं पोटॅशियम आणि प्रथिनं रक्तात उतरतात. त्याचा मूत्रपिंडावर आणि हृदयावर परिणाम होऊन मृत्यू ओढवू शकतो. असं क्वचितच घडतं, पण ते टाळता येण्याजोगं आहे.

संशोधकांना हे कसं कळलं?

पहिला मोठा पुरावा लष्करातून आला. अमेरिकी सैन्यात १९७७ ते १९८१ दरम्यान भरती झालेल्या सुमारे २० लाख तरुणांच्या नोंदी डॉ. जॉन कार्क आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. हा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय जवानांपैकी जे वाहक होते, त्यांच्यात प्रशिक्षणकाळातल्या अचानक आणि अनाकलनीय मृत्यूंचं प्रमाण लाखामागे ३२ होतं. वाहक नसलेल्यांमध्ये ते लाखामागे जेमतेम १ होतं.

खेळाच्या मैदानावर बदल व्हायला मात्र २००६ उजाडावं लागलं. टेक्सासमधल्या राइस विद्यापीठाचा १९ वर्षांचा फुटबॉलपटू डेल लॉइड सरावात १०० यार्डांच्या १६ धावा लागोपाठ घेतल्यानंतर कोसळला आणि दगावला. तो वाहक असल्याचं नंतर समजलं. कुटुंबाने खटला भरला. त्यातून पुढे २०१० पासून अमेरिकेतल्या विद्यापीठ क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, पहिल्या श्रेणीच्या खेळाडूंना सिकलसेलची तपासणी सक्तीची केली. ज्याला ती नको असेल, त्याने तसं लेखी द्यायचं.

वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डॉ. किंबर्ली हार्मन यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की पहिल्या श्रेणीच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये श्रमामुळे मृत्यू येण्याचा धोका वाहकांना इतरांच्या ३७ पट होता. हा आकडा वाचून कोणीही घाबरेल. पण लक्षात घेण्याची गोष्ट म्हणजे यातले मृत्यू प्रामुख्याने सामन्यात झालेले नव्हते. ते शारीरिक क्षमता वाढवण्याच्या कठोर सरावात झाले होते.

मग तपासणी झाली की प्रश्न सुटला?

नाही. २०१४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संघातला टेड आगू सरावादरम्यान कोसळून मरण पावला. तो वाहक असल्याची माहिती विद्यापीठाकडे आधीपासून होती. कार्ड फाइलमध्ये होतं, सराव मात्र तसाच कठोर राहिला.

दुसरीकडे, अमेरिकेतल्या रक्तविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच सक्तीच्या तपासणीला विरोध केला होता. वाहकांवर शिक्का बसेल, त्यांना संघातून वगळलं जाईल, अशी त्यांना भीती होती. त्यापेक्षा उष्णता, पाणी आणि विश्रांतीचे नियम सगळ्याच खेळाडूंना लावा, म्हणजे वाहकही वाचतील आणि उष्माघाताने जाणारे इतरही, असं त्यांचं म्हणणं होतं.

या म्हणण्याला २०१६ मध्ये बळ मिळालं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ ते २०१४ या काळातल्या अमेरिकी लष्करातल्या ४७,९४४ कृष्णवर्णीय सैनिकांच्या नोंदी अभ्यासल्या. वाहकांमध्ये मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं नाही. श्रमाने स्नायू फुटण्याचा धोका मात्र ५४ टक्क्यांनी जास्त होता. तंबाखू आणि लठ्ठपणा यांच्यामुळेही जवळपास तेवढाच धोका वाढत असल्याचं दिसलं.

१९८७ च्या अभ्यासात एवढे मृत्यू आणि २०१६ च्या अभ्यासात फरकच नाही, हे कसं? दरम्यानच्या काळात लष्कराने प्रशिक्षणाचे नियम बदलले होते. हवामान पाहून कवायत, पाणी, विश्रांती आणि हळूहळू वाढवलेला सराव हे सगळ्यांनाच लागू झालं होतं. म्हणजे जनुक तोच राहिला, पण मैदान बदललं होतं.

वाहक मोठे खेळाडू होऊ शकतात का?

होऊ शकतात. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलची २००९ ची अंतिम लढत पिट्सबर्गच्या संघाने जिंकली. त्या सामन्याचा मानकरी ठरलेला सँटोनियो होम्स वाहक आहे. त्याच संघातला रायन क्लार्कही वाहक. २००७ मध्ये क्लार्क समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या डेन्व्हर शहरात खेळला आणि गंभीर आजारी पडला. त्याची प्लीहा आणि पित्ताशय काढावं लागलं. पुढच्या हंगामात तो पुन्हा मैदानात होता. नंतर संघाने त्याला फक्त डेन्व्हरच्या सामन्यांपासून दूर ठेवलं, बाकी तो खेळत राहिला.

महाराष्ट्रात काय दिसतं?

श्रम आणि उन्हाचा धोका फक्त वाहकांना नसतो, हे राज्याने पाहिलं आहे. जून २०१४ मध्ये मुंबईतल्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीनंतर किमान चार उमेदवारांचा मृत्यू झाला. त्यानंतर राज्यात धावण्याचं अंतर कमी करण्यात आलं. आता पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावं लागतं. २०२४ मध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क विभागाच्या शिपाई भरतीत १० किलोमीटरच्या धावेदरम्यान दहाहून अधिक तरुण दगावले.

या घटनांचं कारण सिकलसेल होतं, असं नाही. पण पुरेशी तयारी नाही, हवा दमट, एकाच दिवशी नोकरीचा फैसला आणि त्यामुळे थांबायची तयारी नाही, हे सगळं एकत्र आलं की काय होतं ते त्यातून दिसतं. वाहक तरुणासाठी हीच परिस्थिती आणखी धोक्याची ठरते. नंदुरबारच्या तरुणांसाठी पोलीस, वनविभाग आणि सैन्य हे नोकरीचे मोठे मार्ग आहेत. त्यामुळे वाहकांना पळूच न देणं हे उत्तर असू शकत नाही.

अमेरिकेतला सगळा हिशेब इथे जसाच्या तसा लावताही येणार नाही. तिथले अभ्यास मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या खेळाडूंवर झाले आहेत. भारतात सिकलचा जो प्रकार प्रामुख्याने आढळतो, त्याला अरब-भारतीय प्रकार म्हणतात आणि तो आफ्रिकेतल्या प्रकारांपेक्षा वेगळा आहे. सातपुड्यातल्या खेळाडूंवरचा अभ्यास इथल्याच विद्यापीठांनी आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी करायला हवा. नंदुरबारला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धाही नियमित होतात.

तोपर्यंत शाळेने आणि प्रशिक्षकाने काय करावं?

संशोधनातून पुढे आलेले नियम साधे आहेत आणि त्यांना फारसा खर्चही लागत नाही.

• सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी वेळ लावून पळवू नये. सराव हळूहळू वाढवावा.
• दोन धावांच्या मध्ये पुरेशी विश्रांती द्यावी. ज्याला थांबायचं आहे त्याला थांबू द्यावं, त्याची टिंगल करू नये.
• मैदानाला चकरा मारायला लावणं ही शिक्षा बंद करावी. शिक्षा म्हणून पळणारं मूल थांबत नाही, धोका तिथेच असतो.
• सराव पहाटे किंवा संध्याकाळी घ्यावा. पाणी मैदानावरच ठेवावं.
• ताप, जुलाब किंवा दम्याचा त्रास असेल त्या दिवशी कठोर सराव नको.
• कोण वाहक आहे हे क्रीडाशिक्षकाला पालकांच्या संमतीने माहीत असावं, पण ते सगळ्यांसमोर वाचून दाखवू नये.

खेळाडू कोसळला तर ओळखायचं कसं?

पेटका आला तर स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि खेळाडू ओरडतो. वाहकाला त्रास होतो तेव्हा स्नायू वरून नेहमीसारखे दिसतात, पण पायातलं बळच जातं. तो हळूहळू खाली बसतो आणि सुरुवातीला बोलू शकतो. ‘नाटक करू नको, ऊठ’ असं म्हणणं इथे जिवावर बेतू शकतं. त्याला लगेच थांबवावं, थंडावा द्यावा, शक्य असेल तर ऑक्सिजन द्यावा आणि रुग्णालयात न्यावं. तो वाहक आहे हे डॉक्टरांना आधी सांगावं. एकदम कोसळून काहीच प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर हृदय बंद पडलेलं असू शकतं. तेव्हा छातीवर दाब द्यायला लगेच सुरुवात करून १०८ वर फोन करावा.

उष्माघातात अंग ४० अंशांच्या वर तापतं आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो. इथे कनेक्टिकट विद्यापीठातल्या कोरी स्ट्रिंगर इन्स्टिट्यूटचा नियम आहे: आधी थंड करा, मग रुग्णालयात न्या. मॅसॅच्युसेट्समधल्या फालमाउथ शर्यतीत १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ रुग्णांना बर्फाच्या पाण्यात बसवण्यात आलं आणि सगळे वाचले. टब नसेल तर काय, याचंही उत्तर संशोधकांनी तपासलं आहे. ताडपत्रीचे कोपरे चार-पाच जणांनी उचलून धरायचे, मध्ये खेळाडूला ठेवायचं, डोकं पाण्याबाहेर धरायचं आणि थंड पाणी ओतून ते हलवत राहायचं.

सरकारी रुग्णवाहिकेला धडगावच्या पाड्यावर पोहोचायला वेळ लागतो. ताडपत्री आणि पाणी मात्र तिथे आधीपासूनच असतं. सरावाआधी ते मैदानाच्या कडेला आणून ठेवणं, एवढं तर शाळेला आजपासून करता येईल.